फवारणीची बाटली

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. जैनथजवळच्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवते, आणि माझा हात आधी चालतो, डोकं मागून, हे पोरांनाही ठाऊक आहे.

त्या दिवशी नववीच्या पोरांनी गावतळ्याचं पाणी आणलं होतं. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच, म्हणून रांग लागली. पहिल्याच थेंबात हायड्रानं एका पाणपिसूला धरलं. पिसू झटके देत होती, तो तिला तोंडाकडे ओढत होता. कोंबड्यांची झुंज लागल्यासारखी पोरं ओरडत होती, "मार! गिळ तिले!" खरं सांगते, मलाही मजा वाटत होती.

मग एका मुलीच्या बाटलीतला थेंब ठेवला. पाणी त्याच तळ्याचं, पण इथे कुणी कुणाला खात नव्हतं. सगळ्या पिसवा नुसत्या तडफडत होत्या. एक गरगर फिरली, तिचे पाय ताठ झाले आणि ती तशीच राहिली.

"बाई, नाचून राह्यल्या!" मागून कुणीतरी हसलं.

मी बाटली हातात घेतली. कागद खरवडलेला, तरी जहाल विषाच्या खुणेचा, लाल त्रिकोणाचा तुकडा उरला होता. कपाशीवर मारायच्या औषधाची बाटली. असली बाटली आणायची नाही असं मी दहादा बजावलं होतं. मी पोरीच्या कानफटात लगावली.

ती गालावर हात धरून म्हणाली, "राखेनं तीनदा घासली बाई. आमची माय तं वावरात अशाच कॅनीत पेयाचं पानी नेते."

मी वर्ग तसाच सोडला. पोरीला स्कूटीवर बसवलं आणि तडक तिचं वावर गाठलं.

तिची आई कापूस वेचता वेचता थांबून कॅन तोंडाला लावत होती. मी धावत जाऊन ती हिसकावली, आपटली, वर लाथ घातली. पाणी सरीत पसरलं. तिनं माझा पदर धरून मला असं ढकललं, की मी पऱ्हाटीच्या झाडांत आडवी झाले. कोपर सोलून निघालं.

"काऊन सांडलं वो पानी? हापशी कुठी, वावर कुठी!"

"विष आहे त्यात!" मी पडल्या पडल्या किंचाळले.

"तीन वर्सं झाले, याच्यातलंच पिऊन राह्यलो आमी. मेलो काय?"

मी उठले. पदर अजून तिच्या मुठीत होता, आणि मूठ कापत होती.

"हात नेहमी कापतात तुमचे?"

"कापतात थोडे. कापूस येचून येचून कोनाचे नाई कापत?"

तिचा राग ओसरला, मूठ मात्र कापतच राहिली. मला रडूच फुटलं. तशी तिनं घाईघाईनं पदर सोडला.

"लय लागलं का वो बाई?" ती माझं कोपर बघायला लागली.