चोच दिसली नाही

बाबांच्या वहीचं शेवटचं पान अर्धंच आहे. ‘तलावाची पाळ, बाभूळ. शेपटीवर पट्टे. डोळा पिवळा. चोच दिसली नाही.’ पुढे नावाचा रकाना रिकामा.

त्या सकाळी मी सोबत होते. चरोद्याच्या रेल्वे यार्डात बाबांनी आयुष्यभर मालगाडीचे डबे तपासले. चाकं, ब्रेक, जोड सगळं पाहून झाल्याशिवाय ते डब्यावर खडूनं ‘फिट’ लिहीत नसत. पाखरांनाही तोच नियम, नाव शेवटी. मला शाळेत शिकवायला जायची घाई होती.

“बाबा, शिक्रा आहे. लिहा अन् चला.”

“पावशा असन तर? हिवाळ्यात तो बोलत नाही, अन् दिसते हुबेहूब शिक्र्यासारखा.”

“मले उशीर होऊन राहिला.”

“मास्तरीणबाई, चाकं न पाहता गाडी पास करता का तुम्ही?” ते हसले, पण माझ्यासाठी उठले. पाखरू चोच पानांआड करून बसलं होतं, तसंच राहिलं. दहा दिवसांनी बाबा गेले.

तेव्हापासून मी रोज पाळीवर जाते. घरी बसवत नाही. पुस्तक उघडते, एकच ओळ तीनदा वाचते, मिटून ठेवते. आई म्हणते, “एका पाखरापायी किती दिवस जाशील? आधी मी तुझ्या बाबाले बोलत होती, आता तुले बोला लागते.”

परवा त्याच बाभळीवर एक आलं. शिकारी शिक्रा समजून बुलबुल ओरडत उडाले. बसताच त्यानं शेपूट डावी-उजवीकडे हलवली. पाय बारीक. मी थांबले. मग त्यानं मान वळवली. चोचीला शिक्र्यासारखा आकडेदार बाक नव्हता. पावशा.

वही उघडून रिकाम्या रकान्यावर पेन टेकवलं आणि तिथंच अडले. हा पावशा आजचा. त्या दिवशीचं पाखरू मी बाबांना नीट पाहूच दिलं नव्हतं. न पाहिलेल्या डब्यावर त्यांनी कधी खडू चालवला नाही.

खालच्या ओळीत आजची नोंद केली, नाव शेवटी. वरचा रकाना तसाच ठेवला.

घरी आईनं विचारलं, “सापडलं का?”

“एक सापडलं. बाबांचं नाही.”

 आई म्हणाली, “उद्या जाशील तं स्वेटर घालून जाय.”