कातारीमामांची सही

"थांब, जाऊ दे."

कातारीमामांना तुम्ही काहीही विचारा, वाडगा केवढ्याला, ऊन फार आहे ना, जेवलात का, ते आधी उजवा हात जरासा वर उचलायचे, एवढं बोलायचे आणि मगच उत्तर द्यायचे. नवख्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, किंवा तो आपल्याला टाळतोय.

खरं कारण त्यांच्या चरकात होतं. नेरळला, माथेरानच्या पायथ्याशी, रस्त्याला लागून त्यांची छपरी होती. लाकूड कातून शोभेचे वाडगे, झाकणाचे करंडे, फुलदाण्या करायच्या, हा त्यांचा धंदा. चरक विजेचा नव्हता. आडव्या कण्याला दोरीचे वेढे, कण्याच्या टोकाला लाकडाचा ठोकळा आणि समोर बसून दोरीची दोन टोकं आळीपाळीने ओढणाऱ्या मामी. एका ओढीला ठोकळा मामांच्या अंगावर फिरून यायचा, दुसऱ्या ओढीला मागे जायचा. येताना पटाशी टेकवायची, जाताना उचलायची. जाताना टेकवली की लाकूड फाटलंच. चाळीस वर्षं हे केल्यावर त्यांचं बोलणंही तसंच झालं होतं. प्रश्न आला की ते आधी पटाशी उचलायचे.

मी तेव्हा विशीत होतो. वडिलांनी जपून ठेवलेल्या चळवळीच्या पत्रकांवरच मी वाचायला शिकलो होतो, आणि दिसेल त्या वस्तूला "ही कुणासाठी?" असं विचारायची मला खोड होती. एकदा मी मामांना सरळ विचारलं, "मुंबईच्या शेठाणीच्या कपाटात ठेवायला वाडगे कसले करता? लोकांच्या कामाचं काही करा. पोळपाट करा, रव्या करा."

उत्तर मामींनी दिलं. "पोळपाटाची दोरी वढायला तू येनार हायस का रं?"

मामा थांबले. मग म्हणाले, "पोळपाट बी करतो की. पन त्याला कोन बघत नाय."

असंच एकदा माथेरानहून उतरलेल्या एका बाईंनी लाख चढवलेला लाल वाडगा हातात घेऊन विचारलं, "पण यात ठेवायचं काय?"

"थांबा, जाऊ दे," मामा म्हणाले. "काय ठेवू नका, बाई. ठेवलं तर लोक तेच बघतील."

बाईंनी दोन घेतले. मला राग आला. पण खोटं कशाला बोलू, त्या गेल्यावर उरलेल्या तिसऱ्या वाडग्यावरून मी हात फिरवून पाहिला. केवड्याच्या पानाने घासून त्याला अशी चकाकी आणली होती की माझं बोट त्यात दिसत होतं.

त्या चकाकीच्या पलीकडे मामी होत्या. दोरीने त्यांचा उजवा खांदा खाल्ला होता. हात कानापर्यंतसुद्धा जात नसे, वेणी शेजारीण घालून द्यायची. रात्री त्या कुशीवर वळू शकत नाहीत, हे मामांनीच मला सांगितलं, तेही पटाशी दगडावर घासता घासता, माझ्याकडे न बघता. मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. 'एका स्त्रीच्या खांद्यावर चालणारा चरक! कातारी कुटुंबाला विजेची मोटार मिळालीच पाहिजे!'

पत्रक कर्जतला छापलं. आता घोटाळा ऐका. कातारी म्हणजे लाकूड कातणारा. कातकरी म्हणजे आमच्या डोंगरातल्या वाड्यांवर राहणारे आदिवासी. त्या महिन्यात आम्ही संघटनेच्या पोरांनी कातकऱ्यांच्या वनजमिनींवर तीन पत्रकं काढली होती आणि तिन्हींचे खिळे छापखान्यातल्या त्याच माणसाने जुळवले होते. त्याला वाटलं, पोरगा लिहिताना चुकला. त्याने मेहेरबानी करून सगळीकडे 'कातारी'चं 'कातकरी' केलं. मी घाईत होतो, छापण्याआधी प्रूफ तपासलं नाही. नेरळला आणि कशेळ्याच्या बाजारात पत्रकं वाटून झाल्यावर चूक दिसली.

मामांना वाचून दाखवलं तेव्हा ते हसून हसून खोकले. "छापखान्यानं माझी जात बदलली रं! आनि जातीला जेवन बी घालावं लागलं नाय."

मार्चच्या शेवटी तालुक्याहून एक साहेब छपरीत आले. हातात फाईल, फाईलमध्ये माझं पत्रक. सरकारी योजनेतून एका कातकरी कारागिराला मोटारीचा चरक फुकट द्यायचा होता, आणि अख्ख्या तालुक्यात त्यांना असा कारागीर सापडत नव्हता. मी तिथेच बसलो होतो.

"हे तुम्हीच ना?" साहेबांनी पत्रकावर बोट ठेवलं. मग त्यांनी मामांकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं, आणि हे कातकरी नव्हेत, हे त्यांनाही कळलं असावं. आवाज खाली आणून ते म्हणाले, "वर्ष संपतंय. रक्कम परत जाणार. इथे सही करा, बाकी मी बघतो."

मामींनी दोरी सोडली. मामांनी पेन हातात घेतलं आणि पटाशीसारखं कागदापासून वर धरलं. ते थांबले होते. ते नेहमीच थांबत, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

आणि मी बोललो.

"हे कातकरी नाहीत. ती छपाईची चूक आहे. ही मोटार वाडीवरच्या माणसाची आहे, साहेब. त्यांच्या तोंडचं आणखी किती काढून घेणार तुम्ही?"

आणखीही बरंच बोललो. आवाज चढला होता. साहेबांनी फाईल बांधली. मामांनी पेनाला टोपण घातलं आणि ते त्यांना परत दिलं.

"थांब, जाऊ दे," ते म्हणाले.

ते मला म्हणाले, साहेबांना म्हणाले की मामींना, हे मला आजही कळलेलं नाही. एरवी या शब्दांनंतर उत्तर यायचं. त्या दिवशी आलं नाही.

मी बरोबरच होतो. हे वाक्य मी अनेकदा लिहून पाहिलं आणि दर वेळी त्यापुढे प्रश्नचिन्ह द्यावंसं वाटलं. दुसऱ्याच्या हक्काची वस्तू लबाडीने घेणं चूक, यात शंका नाही. पण मामा लबाडी करणार होते का? कदाचित ते नाहीच म्हणणार होते, आणि तो मान मी त्यांच्याकडून काढून घेतला. कदाचित सही करणार होते, आणि मग मी एका म्हातारीला पुन्हा दोरीला जुंपलं. मामा माझ्याशी पूर्वीसारखेच वागत राहिले. चहा देत, चेष्टा करत. त्यामुळे मी जास्तच गोंधळलो. शिव्या घातल्या असत्या तर मला त्यांची बाजू तरी कळली असती.

मामी पुढे डाव्या हाताच्याच जोरावर ओढू लागल्या. ओढ एकसारखी पडेना. वाडगे एका अंगाला जाड येऊ लागले आणि माथेरानचा दुकानदार ते परत पाठवू लागला.

मी कामगारांच्या कामासाठी रसायनीला राहायला गेलो. मामा वारल्याचं तिथे कळलं, तेही दोन महिन्यांनी. नेरळला गेलो तेव्हा छपरीत चरक नव्हता. मामी दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या.

मी शेजारी बसलो आणि शेवटी विचारलंच. "मामी, त्या दिवशी मी मधे बोललो नसतो, तर मामांनी सही केली असती?"

"मला काय ठाव? मला बी कदी बोलले नाय." त्यांनी एक खडा टिपून बाहेर फेकला. "तू त्यांचंच इचारतोस. मी केली असती का, ते इचार ना."

"केली असती?"

"दोनी हातांनी केली असती! चुकला तो छापनारा, बोललास तू, आनि दोरी वढली मी."

मी उठू लागलो. मला वाटलं, बोलणं संपलं. पण मामी खरोखरच आठवत होत्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसती चौकशी होती.

"तू म्हनला व्हतास बग, ती मोटार वाडीवरच्या मानसाची हाय. मग कुठल्या वाडीवर गेली रं ती? तिथल्या बाईचा तरी खांदा वाचला का?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारायलाच गेलो नव्हतो.