बाईंच्या रजिस्टरातल्या तारखा

"पोर झालं तेव्हा शेतात काय चाललं होतं?" मूल शाळेत घालायला आलेल्या प्रत्येक आईला बाई हेच विचारायच्या. मग जुनं पंचांग काढून तारीख शोधत बसायच्या.

अशा शाळा तुम्हीही पाहिल्या असतील. बदलापूरच्या पुढे, दोन खोल्या, चार इयत्ता. शिक्षक दोनच: मुख्याध्यापक बाई, आणि अंबरनाथहून येणारा मी. जन्मतारीख माहीत नसली की तेव्हा सगळीकडे सरसकट एक जून लिहीत. वय बरोबर भरायचं. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, इतका खटाटोप कशाला? बाई शांतपणे म्हणाल्या, "सगळं गाव एकाच दिवशी कसं बाळंत होईल, साहेब?"

बौद्धवाडीतल्या आया जयंतीच्या मिरवणुकीवरून दिवस सांगत. पुढे शेतं विकून चाळी उठल्या, तशी एमआयडीसीतल्या बिहारी कामगारांची मुलं आली. बाईंनी प्रश्न हिंदीत केला. त्या बायका आधी हसत, मग गावाच्या आठवणीत हरवत.

गावातली जुनी मुलं मात्र शहरातल्या शाळांत जाऊ लागली. एका जूनमध्ये पटाला एकच मूल कमी पडलं. तेवढ्यावरून दुसऱ्या शिक्षकाची, म्हणजे माझी, जागा जाणार होती. म्हणजे लांब बदली, आणि घरी आई अंथरुणाला खिळलेली.

पटनोंदणीच्या शेवटच्या दिवशी एक आई मुलीला घेऊन आली. "भात कापीत व्हते, बाई. इळा हातातच व्हता."

बाईंनी बोटांवर महिने मोजले. पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण व्हायला चार महिने कमी.

मी हळूच म्हटलं, "एक जून लिहा ना, बाई. माझ्यासाठी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "सर, तुमची बदली कधीतरी फिरेल. हिची तारीख जन्मभर राहील."

मला मुरबाडच्या पलीकडची शाळा मिळाली. दोन वर्षं मी बाईंना पत्र लिहिलं नाही.

त्यांच्या निरोप समारंभाला मात्र गेलो. दिवस होता एकतीस मे. एक जूनवाल्यांचाच निवृत्तीचा दिवस तो.

"बाई, तुम्हीसुद्धा?"

"मी झाले आणि तिसऱ्या दिवशी आई गेली. सांगायला कुणी उरलं नव्हतं, सर."

त्या गेल्याचं कळलं तेव्हा हेंद्रेपाड्यातल्या त्यांच्या घरी गेलो. हार घातलेल्या फोटोखाली एकच तारीख होती, मृत्यूची. जन्मापुढची जागा कोरी. भाची म्हणाली, "मावशीनंच बजावलं होतं, खोटी लिहू नका."

परतताना शिरगावच्या बाजूला गेलो. तिथे उरलेल्या दोन शेतांत भाताची कापणी चालली होती.