कंबरभर पाण्यातली बाई

उन्हाळ्यातल्या रविवारी अमरावतीजवळच्या रिसॉर्टच्या स्विमिंग पुलात नुसती जत्रा भरली होती. तिकिटाच्या रांगेत भेटलेली मूर्तिजापूरची एक बाई कंबरेला ओढणी घट्ट बांधून पाण्यात उभी होती. तिची दोन पोरं हाताच्या अंतरावर खेळत होती. ती हसत होती, पाणी उडवत होती, पण पोरांवरची नजर काही काढत नव्हती.

मी काठावर खुर्चीत मोबाइल बघत होतो. पाच वर्षांची माझी सई समोरच पाण्यात होती. काही झालं तर हाक मारेलच, असं मी धरून चाललो होतो.

एकदम ती बाई दोन ढांगांत पुढे झाली आणि पाण्याखाली गेलेल्या सईला उचलून तिनं काठावर बसवलं. सई खोकली, मग रडली. मी खुर्चीतून उठून तिच्याकडे धावलो.

"अहो, ही ओरडलीसुद्धा नाही!"

"भाऊ, बुडनारं लेकरू वरडत नाई. वरडते थे खेळून रायते. मोबाइल ठेवा अन् या पान्यात."

मी पँटसकट उतरलो. जरा वेळानं सई हसायला लागली आणि तिघा पोरांनी मिळून मला नखशिखांत भिजवलं. बाई खदखदून हसली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ती तिच्या पोरांकडे बघत होती आणि मी सईकडे.