दोन महिने थांबलेली राज्यघटना

जानेवारीच्या चोवीस तारखेला दुपारी प्रजासत्ताक दिनाच्या पुरवणीचं पान आमच्या धरमपेठेतल्या कार्यालयात तपासणीला आलं. ही पुरवणी पंचवीसच्या अंकासोबत जाते, कारण गावोगावच्या शाळांतली भाषणं तिच्यावरूनच तयार होतात. मुद्रितशोधन करणाऱ्या बाई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांची ही शेवटची पुरवणी.

माझ्या चौकटीतलं पहिलं वाक्य होतं : ‘२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना मंजूर झाली.’ बाईंनी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. मुद्रितशोधकाने मजकूर मूळ प्रतीशी ताडून पाहायचा, आशय बदलायचा नाही, हा नियम. शंका आली तर प्रश्नचिन्ह. उत्तर उपसंपादकाने द्यायचं.

मी दिलं. "मागच्या वर्षीच्या पानावरून घेतलंय, बाई. छापून आलेलं आहे."

"म्हणून तर. तवाही मी हेच चिन्ह काढलं होतं, तू खोडलं. माही नात नरखेडकडच्या शाळेत तेच बोलली अन् हेडमास्तरनं साऱ्या गावासमोर तिच्या हातचा माइक घेऊन सुधारलं. यंदा पोरगी उभीच राहत नव्हती. म्हटलं, उभी राह्य वं, पान मी पाहून राहिली."

"मग मंजूर कधी झाली?"

"तुही सुपारी कधी फुटली गा?"

"दिवाळीनंतर."

"अन् लग्न?"

"फेब्रुवारीत."

"मंग? सुपारी फुटली त्याच दिवशी नांदाले आली का बायको?"

आजूबाजूची टेबलं हसली. मी संदर्भाचं कपाट उघडलं.

घटना मंजूर झाली २६ नोव्हेंबर १९४९ रोजी. काही कलमं लगेच लागू झाली; बाकीची थांबली. १९३० साली २६ जानेवारीला लोकांनी ठिकठिकाणी पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली होती, आणि पुढे दरवर्षी तोच स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला जात होता. प्रत्यक्ष स्वातंत्र्य मात्र ऑगस्टमध्ये मिळालं. शपथेचा दिवस वाया जाऊ नये म्हणून तयार राज्यघटना दोन महिने थांबवून २६ जानेवारी १९५० ला लागू केली गेली. ज्यांनी ती शपथ घेतली होती, त्यांचा शब्द देशाने असा राखला. इतकी वर्षं पुरवणी काढूनही ही गोष्ट आमच्या पानावर कधी आली नव्हती.

चौकट नव्याने लिहिली. बाईंनी ती दोनदा वाचली आणि खाली नेहमीच्या आद्याक्षरांऐवजी पूर्ण सही केली.

सव्वीसला सुट्टी होती. सत्तावीसला बाई आल्या, पर्स ठेवण्याआधी माझ्या टेबलाशी थांबल्या.

"या खेपी माइक कोणी नाही घेतला," त्या म्हणाल्या. "हेडमास्तर म्हणे, दोन महिने काहून थांबले ते मलेही ठाऊक नव्हतं."

ते तपासणीचं पान मी जपून ठेवलं आहे. समासातलं प्रश्नचिन्ह या वेळी खोडलेलं नाही.