अपघात निरंक

बाळापूरच्या बाजूला आमची हळदीची शेतकरी कंपनी आहे. बचत गटातली एक बाई संचालक मंडळात असावी म्हणून मला घेतलं. तेव्हा मी साठीची, म्हणजे अक्कल फुटायच्या आधीची. मीटिंगला जायचं म्हणून बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, चष्म्याला नवी दोरी आणवली होती. चिवडा आला की त्यांना वाटायचं, कारभार झाला.

आमचे अध्यक्ष हाताचे सैल. ड्रायव्हर असो की हमाल, सरळ कानाखाली. त्यामुळं वाईट बातमी त्यांच्यापर्यंत जायचीच न्हाई. आणि मला ते रुबाबदार वाटायचे, घ्या.

खंडेनवमीला हळद पॉलिश करायच्या ड्रमची पूजा झाली. ड्रम फिरवणाऱ्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी काढून चाकाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. फोटो झकास आला, म्हणून अध्यक्षांनी जाळी परत बसवूच दिली नाही. देवाला पिंजऱ्यात काहून ठेवता, म्हणाले. बाईसाहेबांनी मान डोलावली. वॉचमननं जाळी नेऊन कोंबड्यांच्या खुराड्याला लावली.

उन्हाळ्यात तांड्यावरून कामाला येणाऱ्या एका बाईची ओढणी त्या पट्ट्यात गेली, ओढणीमागं हात गेला. ड्रमच्या खडखडाटात तिची किंकाळी कुणाला ऐकूच आली नाही. पिवळ्या धुरळ्यात रक्ताची चिळकांडी उडाली तेव्हा मॅनेजरनं बटण बंद केलं. कोपराखाली हाड बाहेर आलं होतं. अध्यक्ष धावत आले, ते मशीन कुणी बंद केली विचारत.

त्याच महिन्यात आमचा माल परदेशात नेणाऱ्या खरेदीदारानं अहवाल मागितला. पाणी किती वापरता, सांडपाणी कुठं सोडता, कामगार सुरक्षित हायत का. मॅनेजरनं अपघात लिहिला. अध्यक्षांनी भर मीटिंगमध्ये त्याला अशी ठेवून दिली, की दात ओठात घुसला आणि रक्त चिवड्याच्या बशीत पडलं. मग शांतपणे म्हणाले, त्या रकान्यात निरंक लिहा.

तिकडं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, लवकर ऑपरेशन करा, नाहीतर हात कापावा लागेल. आणि जो अपघात झालाच न्हाई, त्याचा खर्च कंपनी कशाला देईल? कागद सह्यांसाठी फिरत माझ्यापुढं आला.

मी उठले ती थेट शेडमध्ये. विळ्यानं पट्टा कापेना. बाईसाहेबांना तेवढंही कळत नव्हतं. मग कुऱ्हाड घेतली आणि ऐन सीझनमध्ये बंद ड्रमच्या पट्ट्याचे दोन तुकडे केले. अध्यक्ष मागं आले आणि हातातली काठी माझ्या खांद्यावर हाणली. डोळ्यांपुढं काजवे चमकले. दुसऱ्यांदा काठी उचलली, तोवर कामावरच्या बाया टोपल्या टाकून भोवती उभ्या राहिल्या. एकीच्या हातात फावडं होतं.

"मारा की, अध्यक्ष," मी म्हणाले. "आता दोन अपघात लिहावे लागतील, एवढंच."

खरेदीदाराचा माणूस त्याच आठवड्यात येणार होता. त्याच्यापुढं पदर सारून खांदा दाखवीन, असं मी सगळ्यांदेखत सांगितलं. सौदा तिथंच झाला. माझा खांदा अहवालात येणार नाही. तिचा हात येईल, आणि ऑपरेशन कंपनी करील. मॅनेजरनं सुजल्या ओठानं मजकूर वाचला, सगळ्यांनी सह्या केल्या. पहिल्या पानावर अध्यक्षांचं मनोगत छापलं. खरं बोलणं हा त्यांचा पिंडच आहे म्हणे.

हात वाचला, जरा वाकडा बसला. भाकर थापताना तिचं कोपर बाहेर येतं आणि शेजारी बसलेल्या माझ्या त्याच खांद्याला लागतं. मुद्दाम करते, असं माझं मत आहे.