चित्रलेखाबाईंचं गोल्ड कार्ड

चित्रलेखाबाई रविवारी कॅसिनोत जातात, हे त्यांच्या मुलाला माहीत नव्हतं.

सिडनीतल्या वेस्टमीडच्या एका लॅबमध्ये त्या कामाला. नवरा, यतीन, रिटायर झाल्यावर पुण्याला गेला आणि तिकडेच रमला. भांडण असं काही झालं नाही. "तू ये सावकाश," तो म्हणाला होता. या गेल्या नाहीत, त्यानेही पुन्हा विचारलं नाही. मुलगा हृषिकेश ब्रिस्बेनजवळ, स्प्रिंगफील्ड लेक्सला. ब्लॅकटाउनच्या घरात शनिवार कसाबसा कपडे धुण्यात, भाजी आणण्यात जायचा. रविवार मात्र संपता संपत नसे.

लॅबमधल्या ग्रेसने एकदा त्यांना सोबत नेलं. मशीनसमोर बसून बटणं दाबायची, कॉफी प्यायची, शेजारच्या बाईशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. मग सवयच लागली. पॉइंट साठत गेले आणि कॅसिनोने त्यांना गोल्ड कार्ड दिलं.

"हे हॉटेलवाल्यांना दाखव," ग्रेस म्हणाली. "स्टेटस मॅच म्हणतात. ते त्यांचंही गोल्ड देतात. फुकट ब्रेकफास्ट, मोठी रूम!"

बाईंनी एका मोठ्या हॉटेल कंपनीला कार्डाचा फोटो पाठवला, आणि खरंच हॉटेलचं गोल्ड आलं.

लवकरच नातीचा, मैथिलीचा वाढदिवस होता. हृषिकेशच्या घरी त्याचे सासू-सासरे उतरलेले. "आई, तू हॉलमध्ये झोपशील ना? अ‍ॅडजस्ट करू," तो फोनवर म्हणाला.

"नको रे, मी हॉटेलात उतरते. मला गोल्ड आहे."

रिसेप्शनवरच्या मुलीने हसून त्यांचं नाव घेतलं आणि नदीकडचा स्वीट दिला. आत पलंग एवढा ऐसपैस, की त्याच्या मधोमध त्या हरवल्यासारख्या दिसल्या असत्या. बाथरूममध्ये दोन पांढरे झगे, दोन जोड सपाता. बाई आधी एका खुर्चीत बसल्या, मग उठून दुसरीत. खिडकीतून फोटो काढला आणि कुणाला पाठवावा, असा विचार करत शेवटी यतीनला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

गोल्डवाल्यांना वरच्या लाउंजमध्ये सोबत एक पाहुणा नेता येत होता. त्यांनी हृषिकेशला चहाला बोलावलं. तो ऑफिसातून थेट आला. खुशीत येऊन बाईंनी कार्डाची सगळी हकीकत सांगितली. त्याचा कप हातातच राहिला.

"कॅसिनो? आई, तू जुगार खेळतेस?"

"थोडंसं रे. ठरवलेल्यापलीकडे नाही."

"पण का? मंडळात जा ना. आपली माणसं असतात तिथे."

"मंडळात सगळे विचारतात, यतीनराव कधी येणार म्हणून. कॅसिनोत कुणी काही विचारत नाही."

हृषिकेशने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. घरी सासरे जेवायला थांबले होते. "उद्या बोलू," म्हणून तो उठला. जाताना त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला, पण घाईघाईतच.

दुसऱ्या दिवशी वाढदिवसाच्या गर्दीत बोलणं राहूनच गेलं. निघायच्या दिवशी गोल्डवाल्यांना रूम दुपारपर्यंत ठेवता येत होती, म्हणून बाईंनी मैथिलीला पोहायला बोलावून घेतलं. हृषिकेश तिला सोडून वाणसामान आणायला गेला.

"आजी, watch me!" मैथिली पाण्यातून ओरडत राहिली. बाहेर आल्यावर बाईंनी तिला झग्यात गुंडाळलं. तो तिच्या पायात लोळत होता.

"Do you live here, आजी?"

"नाही गं. मी पाहुणी आहे."

"Whose?"

बाईंनी झग्याची लांब बाही दुमडली. "हॉटेलची," त्या म्हणाल्या आणि तिचे केस पुसू लागल्या.

सिडनीला परतल्यावर हृषिकेशचा दर रविवारी फोन येऊ लागला. पहिला प्रश्न ठरलेला, "आई, कुठे आहेस?"

"घरीच," त्या म्हणत, आणि ते खरं असे. त्या फोनसाठी त्या सकाळपासून घर सोडत नसत. तो पावसाचं, मैथिलीच्या शाळेचं सांगे. "चल, काळजी घे," म्हणून ठेवून देई. आईची सवय सुटली, असं समजून तो निश्चिंत होता.

फोन ठेवल्यावर बाई कपाट उघडत. मग ठेवणीतली साडी नेसत, कॅसिनोचं गोल्ड कार्ड पर्समध्ये टाकत आणि दार नीट लागलं का ते पाहून स्टेशनकडे चालू लागत.